सख्याला मूळ दिलं नाही

उस्मानपुरा, मंगळवार, चैत्र

टँकर आजही आला नाही, पण जिवाला घोर आहे तो सख्याचा. माझा भाचा. मी काविळीवर झाडाचं मूळ देतो, ते मागायला आज पिशोरहून आला होता. डोळे हळदीसारखे पिवळे. एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत, त्यात आता कावीळ ब निघाली. माझ्या मुळाच्या पथ्यात दुसरं औषध चालत नाही, म्हणून गड्यानं कालपासून गोळ्याच सोडल्या.

मी म्हणालो, "मूळ मिळणार नाय. तीच गोळी दोन्ही दुखणी आवरते, असं दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं ना? सोडलीस तर लिव्हर जाईल."

"साऱ्या गावाला देता, मामा. माझ्याच वेळी नाय व्हय?"

त्याच्याच पिशवीतली गोळ्यांची डबी काढून पुढं ठेवली. ते पिवळे डोळे बघवेनात.

"आधी गोळी घे, मग शिव्या दे."

घेतली. न जेवताच निघाला. उद्या दवाखान्यात सोबत येतो म्हटलं, तर नको म्हणाला.

बरोबर केलं ना मी? पण पिशोरच्या वाटेवर मूळ देणारे आणखी दोघं आहेत. ते गोळ्यांचं विचारणार नाहीत, आणि हा लाजेपायी सांगणार नाही.