बीन्सच्या मडक्याचा आकडा

३ मार्च १८९४

लेमच्या आपोआप उचलल्या जाणाऱ्या टोपीला वॉशिंग्टनच्या पेटंट कचेरीने पुन्हा नकार दिला. म्हणे, अशी टोपी एका माणसाने आधीच शोधून काढली आहे! म्हणजे या देशात असली दोन गाढवं आहेत. रस्त्यात बाई दिसली की मान झुकवायची, आतला चाप सुटतो, टोपी आपली आपण वर. गेल्या रविवारी चर्चबाहेर चाप अडकला. पाद्रीसाहेबांच्या बायकोसमोर टोपी वर-खाली, वर-खाली! मी हसून हसून बेजार. नवरा माझाच, पण म्हणून काय हसूही नये?

१० मार्च

शनिवार. बीन्सचा दिवस. ओव्हनमधून मडकं काढत होते, तर लेम माझ्या हातातल्या तारेच्या आकड्याकडे टक लावून बघतोय.

"ऑर्फा, हे कुठून आणलंस?"

अरे देवा! पाच वर्षं याच आकड्याने काढलेल्या बीन्स गिळतोय हा माणूस! मनगटं भाजून घ्यायचा कंटाळा आला तेव्हा जाड तार वाकवून मीच केला होता. खाली दोन नख्या, त्या मडक्याच्या कानांखाली जातात. वर मूठ. उचललं की मडक्याच्या वजनानेच पकड घट्ट होते. दुसरा हात ओव्हनच्या दाराला मोकळा.

"याला पेटंट मिळेल," लेम म्हणाला. "माझ्या नावाने टाकतो."

"का? मनगटं तुझी भाजली होती?"

बीन्स मात्र खाल्ल्या. दोनदा वाढून घेतल्या, मेल्याने.

१७ मार्च

अर्ज गेला. संशोधक — ऑर्फा बी. टटल! साक्षीदार म्हणून खाली लेमची सही. सही करताना तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. पण आकड्याचं चित्र त्यानेच काढलंय, आणि फार सुरेख काढलंय. खोटं कशाला बोलू?

मला हे नाव हवंय. लहानपणी चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन बीबींची मुलगी, मग घड्याळ-कारखान्यातल्या टटलची बायको. कुणी पत्र लिहिलं तरी वर 'मिसेस लेम्युएल टटल'. एकदा तरी एखाद्या गोष्टीवर नुसतं माझं नाव असावं. हावरटपणा असेल तर असो.

२ जून

चोर मेला! स्टॅनार्ड — आपल्या गावातल्या पत्र्याच्या भांड्यांच्या कारखान्याचा मालक, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा — त्याने माझाच आकडा स्वतःच्या नावाने पेटंटला टाकलाय! त्याच्या बायकोला तो मीच करून दिला होता. भलं करायला जावं तर हे असं.

कचेरी म्हणते, आधी कोणी केला ते दोघांनी सिद्ध करा. साक्षी इथेच, नोटरीपुढे. वकील करावा म्हटलं तर लेम छाती पुढे काढून म्हणतो, "वकील कशाला? इतके नकार पचवलेत, कायदा मला पाठ आहे."

५ जून

लेमने विचारलं, "तुझ्या बाजूने कोण बोलेल?"

अरे, चर्चच्या बीन्स-जेवणाला मडकं घेऊन येणारी कुठलीही बाई! एकूणएक जणीला मीच आकडा करून दिलाय.

"मग आण सगळ्यांना! जितक्या जास्त तितकं बरं!"

शेजारची थँकफुल पेक तर बाह्या सरसावूनच बसलीये. "त्या स्टॅनार्डला असा उघडा पाडते बघ ऑर्फा, की पुढच्या रविवारी मागच्या बाकावर बसेल!" चर्चमधल्या मेहिटेबल वूस्टरने साक्षीसाठी नवी टोपी करायला टाकली.

१४ जून

झालं ते लिहून टाकते, नाहीतर जीव गुदमरेल.

स्टॅनार्डचा वकील गोरागोमटा, लाघवी पोरगा. थँकफुलला खुर्ची दिली, पाणी दिलं. "आकडा मिसेस टटलनीच केला ना?" म्हणाला. आम्ही खूश!

"त्यांनीच! सगळ्यांत आधी मला दिला. एकोणनव्वदच्या वसंतात."

तशी मेहिटेबल मागून उठलीच. "तुला आधी? काहीतरीच! मला त्याच्या आधीच्या नाताळात मिळाला!"

"तुला? तू तर तेव्हा फडक्याने मडकं धरत होतीस!"

मग काय विचारता! जी ती आपली तारीख मागे ढकलतेय. अठ्ठ्याऐंशी काय, सत्त्याऐंशी काय! त्या वेळी मी तार हातातही धरली नव्हती. वकील गोड हसत विचारतोय, "आणि सगळ्या वापरत होतात? उघडपणे? चर्चमध्ये, सर्वांदेखत?"

"तर! लपवायला काय चोरीचा होता?"

लेमचं तोंड पांढरंफटक पडलं. माझ्या कानाशी म्हणाला, "ऑर्फा, अर्जाआधी दोन वर्षांच्या वर लोक उघडपणे वापरत असले तर कुणालाच पेटंट मिळत नाही." कायदा पाठ होता ना! आठवला तो आत्ता!

१५ जून

थँकफुल गरम मडकं घेऊन आली नि ओट्याशी रडत बसली. "मी पहिली होते ग, खरंच होते." हिला मारावं की मिठी मारावी, कळेना. शेवटी मीही रडले. मग दोघींनी बीन्स खाल्ल्या. मीठ जास्त झालं होतं.

२२ जून

हार्टफर्डच्या पेपरात आमची सगळी भांडाभांड छापून आली, नावानिशी. आता आसपासची सगळी गावं हसणार.

१९ सप्टेंबर

निकाल. आकडा मी केला हे मान्य. पेटंट मात्र मलाही नाही, स्टॅनार्डलाही नाही. आता कोणीही करा, कोणीही विका. कारखाना असलेल्याचं काय बिघडलं?

त्याला मिळालं नाही याचा आनंद व्हायला हवा. झाला नाही. मला नाव हवं होतं.

लेमने पेटंट दिवाणखान्यात लावायला म्हणून काचेची चौकट करून ठेवली होती. ती माळ्यावर नेऊन टाकली.

६ मे १८९६

दारावर फेरीवाला आला. परगावचा, मला ओळखत नव्हता. पेटी उघडून म्हणाला, "बाई, एखादी ऑर्फा देऊ का?"

"काय?"

त्याने तारेचा आकडा वर धरला. "ऑर्फा हो! मडकं उचलायची. पार व्हरमाँटपर्यंत बायका याच नावाने मागतात. का, ते देव जाणे."

हातात घेऊन पाहिली. मूठ आखूड होती. भाव पाडून घेतली.