बेरमेतच्या अंगणातलं जळण

४ ऑक्टोबर
ठरलं. लग्न करायचं तर बेरमेतशीच. कॉलेज अर्धवट सोडून बिश्केकहून गावी आलो ते उगाच नाही. आई म्हणते, नापास झालास म्हणून आलास. दोन्ही खरं असू शकतं.
आज तिचे वडील, दुइशोन आके (थोरामोठ्यांना आमच्यात आके म्हणतात), स्वतः आमच्या दारात. म्हणाले, तिलेक, तुझ्याकडे विजेची करवत आहे ना? अंगणातल्या जर्दाळूच्या वाळक्या झाडांचं जळण करून दे. महिनाअखेर पाहुणे येणार, मोठ्या कढया चढवायच्यात.
पाहुणे म्हणजे मागणी घालणारे. म्हणजे आम्हीच. आईला अजून सांगितलेलं नाही, पण म्हातारा ओळखून आहे.

६ ऑक्टोबर
करवतीची जुनी चेन गंजलेली. नवी बसवली. सुरू केल्यावर भुसा कमी, धूरच जास्त. आके म्हणाले, अरे, झाड कापतोयस की भाजतोयस? चेन उलटी बसली होती, दात्यांची तोंडं मागे. कंपनीला दिशेचा बाण जरा मोठा काढायला काय होतं?
बेरमेत खिडकीतून हसली. हसली म्हणजे बघत होती.

९ ऑक्टोबर
चेनला तेल लागतं. बाजारात मिळतं, पण समोरच बेरमेतची मावशी दागिन्यांची टपरी लावून बसते. याच्याकडे साधं तेल नाही, हे तिला कशाला कळू द्यायचं? डोकं चालवलं. आईने कढवलेली मेंढीच्या शेपटाची चरबी करवतीच्या तेलाच्या टाकीत ओतली. खोकल्याला चालते, गुडघ्याला चालते, बुटांना चालते. चेनला का नाही?
दुपारभर लोण्यासारखी चालली. पुलावाचा वास सुटला. गल्लीतली सगळी कुत्री येऊन बसली.

१० ऑक्टोबर, सकाळी
दहिवर पडलं. चरबी गोठून दगड. चेन हलेना. करवतीला लाथ घातली. पाय सुजला, करवतीला काही झालं नाही.
बेरमेतने गरम पाण्याची किटली आणली. म्हणाली, दादा, चेन काढून धुवा हं, मोटारीत पाणी जाऊ देऊ नका. दादा काय, मोठ्या सगळ्यांनाच म्हणतात. मला म्हणताना आवाज वेगळा होता.
कानात नवे डूल. आमच्यात मुलाची आई मुलीच्या कानात डूल घालते तेव्हा लग्न पक्कं होतं. पण हे मावशीने दिले असणार, तिचा धंदाच तो.

१४ ऑक्टोबर
धार लावली. उजवीकडच्या दात्यांवर कानस जोरात चालते, डावीकडे हात वळत नाही. परिणाम: करवत वळत वळत कापते. आके म्हणाले, जळण मागितलं होतं बाबा, टरबुजाच्या फोडी नाही. मी म्हणालो, तुमचं झाडच वाकडं आहे. आवाज चढला. नंतर लाज वाटली.
आता शिस्त. प्रत्येक दात्याला कानशीचे सारखेच हात, एकाच दिशेने. चेन करवतीच्या पट्टीला चिकटून हवी, पण हाताने ओढली तर सरकायला हवी.

१८ ऑक्टोबर
चेन जमली. भुसा नाही, लाकडाच्या चपट्या चिपा उडतात. याच आनंदात आईला म्हणालो, उद्या मागणी घालायला जा.
आईने हातातली रोटी खाली ठेवली. म्हणाली, बाळा, बेरमेतच्या कानातले ते डूल नवऱ्या मुलाच्या आईने घातले. त्या दिवशी त्यांच्याकडे चहाला मी होते. तू त्या करवतीला असा चिकटून बसलेलास, मला सांगवेना.
आईचा काहीतरी गैरसमज असणार.

१९ ऑक्टोबर
ठरवलं होतं, एक ओंडका कापणार नाही. कढया थंड राहू देत, पाहुणे उपाशी जाऊ देत.
नळावर बेरमेत भेटली. मुलाचं नाव मिर्लान. तिनेच पसंत केलाय. म्हणाली, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच तर इतक्या मनापासून जळण करताय.
मी हो म्हणालो.
मग काय करणार. दुपारी उरलेली दोन झाडं पाडली.

२७ ऑक्टोबर
लग्न झालं. जळण उत्तम लागलं, धूर नाही. आकेंनी चारचौघांत माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, असा पोरगा गावात दुसरा नाही. मग जावयासाठी मांस वाढून घेऊन गेले.
संध्याकाळी मिर्लान आमच्या दारात. हातात घरून आणलेली करवत. म्हणाला, चेनला धार लावावी तर तिलेकने, असं बेरमेत सांगते. आमच्याकडे थंडी फार, बघ काही होतं का.
दात्यांची पार वाट लावलीय गाढवाने. त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली.
रविवारी करवत न्यायला येतील. दोघंही.
रविवारपर्यंत व्हायला हवी.