धरणारी

३ मार्च, सोमवार

नोकरी लागली. इस्पितळाच्या मागच्या अंगाला स्वतंत्र खोलीही मिळाली. लोखंडी पलंग, मेज आणि वरती हातभर झरोका. आठ वर्षं धुलाईघरात ओल्या चादरी पिळल्या, त्याचं सार्थक झालं म्हणायचं. डॉक्टरांनी माझी मनगटं चाचपली आणि म्हणाले, बाईच्या हाताला असली पकड पहिल्यांदाच बघतोय. काम एकच, शस्त्रक्रियेच्या वेळी बायकांना टेबलावर दाबून धरायचं. पुरुषांसाठी दोन हमाल आहेत. ताईला सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, लहानपणी माझी वेणी धरायचीस, आता त्याचा पगार घे.

५ मार्च, बुधवार

पहिली शस्त्रक्रिया. बरोबर बाराला, कारण छताच्या काचेतून तेव्हाच उजेड सरळ टेबलावर पडतो. गिरणीत पाय चिरडलेली बाई होती. कंपाउंडरने तिला पेलाभर दारू पाजली, दातांत चामड्याची पट्टी दिली. मी खांदे धरले. डॉक्टरांनी गुडघ्याखाली सुरी गोल फिरवली, मग करवत घेतली. लाकूड कापल्यासारखा आवाज येईल वाटलं होतं. तसा येत नाही, ओला येतो. पट्टीचे दोन तुकडे झाले. दोन मिनिटं भरायच्या आत पाय भुशाच्या पेटीत, आणि बाकांवरच्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला घास गेला नाही. कंपाउंडर म्हणाला, त्या काय बोलतात तिकडे कान देऊ नका. सगळ्याच म्हणतात सोडा, सगळ्याच म्हणतात हा पाय नव्हे, दुसरा.

११ मार्च, मंगळवार

सवय झाली. नऊ जणी धरल्या, तीन गेल्या. एका विद्यार्थ्याने विचारलं, दूर कुठे म्हणे वाफ हुंगवून रोग्याला झोपवतात, खरं का? डॉक्टर म्हणाले, झोपलेल्याला काय, न्हावीही कापेल. सगळे हसले. मीही हसले. डॉक्टर सुरी लावण्याआधी बोटांनी जागा चाचपतात, कंपाउंडर त्यांच्या कोपराला हात लावून उभा असतो. किती जपून काम करतात.

१४ मार्च, शुक्रवार

ताई आली. डाव्या स्तनात गाठ, बोराएवढी. दाजी बाहेर बाकावर टोपी चुरगाळत बसले होते. डॉक्टर म्हणाले, सोमवारी काढू. ताई म्हणाली, तू धरणार असशील तरच. वर शपथ घातली, मी सोड म्हटलं तरी सोडायचं नाही.

१७ मार्च, सोमवार

सोडलं नाही.

ती ओरडत होती, ही नव्हे गं, ही बाजू नव्हे. मी कान दिला नाही. सगळ्याच म्हणतात. तिच्या गालाला गाल लावला, डोळे मिटले आणि सगळं वजन टाकलं. सुरी फासळ्यांना लागून खरवडल्याचं माझ्या हातांना कळलं. मग तापलेली सळई. तो वास.

डोळे उघडले. डावा स्तन जागच्या जागी, गाठीसकट. उजवीकडे —

१८ मार्च, मंगळवार

डॉक्टरांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले, हातभर अंतरावर. त्यांनी विचारलं, कोण आहे? त्यांच्या दोन्ही बुबुळांवर दुधावरच्यासारखी साय. कंपाउंडरने मला बाहेर ओढलं. म्हणाला, वर्ष झालं, सगळ्यांना माहीत आहे, हळू बोला.

सगळ्यांना.

१९ मार्च, बुधवार

ताईला ताप. दाजी उद्या सकाळी गाडी आणतायत, घरी नेणार. कंपाउंडर दारामागे होता, त्याने ऐकलं. म्हणाला, बाहेर बोभाटा झाला तर इस्पितळ बंद पडेल. डॉक्टर उद्याच दुसरी बाजू करतील, म्हणजे प्रश्न मिटला.

ताई विचारते, तू ऐकलं नाहीस का मी काय म्हणत होते? काय सांगू —

२० मार्च, गुरुवार

माझ्या खोलीचं दार बाहेरून लावलंय. दाजींना फाटकातूनच परत पाठवलं, झरोक्यातून ऐकू आलं.

बारा वाजले. नेलं तिला. हमालांनी.

दारावर मेज आपटलं. फळी हलत नाही. नखं निघाली दोन.

किंकाळी. ताईची. पुन्हा. टेबल सरकतंय, म्हणजे नीट धरलेलं नाही. काहीतरी लोखंडी खाली पडलं. डॉक्टर ओरडतायत, धरा, धरा —

का लिहितेय मी. हात मोकळे राहिले की —

पावलं. कडी काढली. कंपाउंडर. कोपरापर्यंत लाल. म्हणतोय, दोघांनाही आवरत नाहीये ती, सुरी आत मोडली, आता अर्ध्यावर टाकता येत नाही. तुम्हीच चला, तुम्ही धरलंत तर —