आईंना एकदाच विचारलं

रविवार, १२ एप्रिल

तीन महिने इथे एक ओळ लिहिली नाही. चुकलंच.

आज मेच्या सुट्टीतला गाडीचा प्रवास ठरला. डोंबिवलीहून इंदूर, भोपाळ, मग पचमढीचं जंगल. सासूबाई कैऱ्या किसत होत्या. मी विचारलं, "आई, तुम्ही येताय ना?"

"छे गं, मला घाटात मळमळतं. तुम्ही जाऊन या."

मी "बरं" म्हटलं आणि लगेच तिघांपुरतं हॉटेलांचं बुकिंग करून टाकलं.

जेवताना लेक हसत म्हणाली, "आई, आजीला आमरस वाढताना चारदा विचारतेस, आणि ट्रिपला एकदाच?"

नवरा म्हणाला, "अगं, ती नाही म्हणालीये. विषय संपला." आई ताटाकडे बघत राहिल्या.

आमच्याकडे पहिल्या 'नाही'ला कुणीच नकार समजत नाही. हे मला माहीत नव्हतं का? की आठ दिवस मोकळे मिळतील म्हणून ते 'नाही' मी चटकन उचललं? पण त्यांना खरंच मळमळत असेल, तर आग्रह म्हणजे छळच. पचमढीचा घाट मात्र मीच निवडलाय. काही कळत नाही. एकदाच विचारलं, एवढं खरं.

उद्या: आई एकट्या असताना पुन्हा विचारणे.