परवानगीची खूण

गुरुवार, संध्याकाळ. अमरावतीहून अकोल्याला घरी आल्यावर.

आज कॉलेजांतल्या लॅबवाल्यांच्या ट्रेनिंगमध्ये शिकवताना माती खाल्ली. सगळ्यांचे डेस्कटॉप एकाच सर्व्हरवर चालतात, त्यामुळे आपल्या जागेवरून कोणाचीही स्क्रीन उघडता येते, हे वर्गाला दाखवायचं होतं. उघडण्याआधी समोरच्याला परवानगी विचारली जाते. त्यासाठी सेटिंगमध्ये एका चौकटीत बरोबरची खूण असते, ती मीच काढून टाकली. काहून? भाव खायला, दुसरं काय.

आणि उघडली कोणाची, तर शेवटच्या रांगेतल्या रेखाताईंची. अंजनगावच्या कॉलेजात त्या कॉम्प्युटर लॅब सांभाळतात. सोमवारपासून माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. प्रोजेक्टरवर, भिंतभर, त्यांनी सर्चमध्ये टाकलेलं वाक्य आलं: ‘सर्व्हर म्हणजे काय सोप्या मराठीत’. वर्ग हसला. मीही हसलो. माझं ते हसणंच आठवून राहिलं मघापासून.

ताईंनी घाईनं काही बंद केलं नाही. "सर, विचारलं असतं तं मीच दाखवलं असतं," एवढंच बोलल्या.

विचारलंच नव्हतं मी. ती खूण तर आज काढली, पण सोमवारपासून एकदा तरी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं होतं का, ताई, समजून राहिलं ना? पुढच्या रांगेतली पोरं उत्तरं देत होती, माझं भागत होतं.

वर्ग सुटल्यावर त्या दाराशी थांबल्या होत्या, बहुतेक काही विचारायला. मी मान खाली घालून ती खूण परत लावत बसलो. वर पाहिलं तेव्हा त्या गेल्या होत्या.