भुतांच्या महिन्यात हरलेली जाहिरात

सोमवार, २० ऑक्टोबर रोजी सकाळी जाहिरातींचे सल्लागार फान साहेबांनी ताइनानच्या लियाओ बेकरीच्या काउंटरवर लॅपटॉप उघडून एक आलेख दाखवला, आणि त्या क्षणापासून माझं सगळं बदललं. म्हणून मी, त्साय हुंग-यी, वय वीस, शिक्षण अर्धवट (संख्याशास्त्र, दोन सत्रं), व्यवसाय सदर बेकरीची ऑनलाइन विक्री पाहणे, सध्या बंद, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डोक्याबाबत मालक लियाओ यांचं मत वेगळं आहे. ते त्यांनी स्वतःच्या मृत्युपत्रात मांडावं.

मी मरणार नाही, तशी इच्छाही नाही. उद्या सकाळी मला सक्तीच्या लष्करी सेवेसाठी छावणीत हजर व्हायचं आहे, वर्षभरासाठी. कॉलेज सोडलं की बोलावणं येतंच. परंतु "या दुकानापुरता तू मेलास" असं मालकांनी भर गिऱ्हाइकांत जाहीर केलेलं असल्यामुळे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था लावणं भाग आहे.

एक. माझी स्कूटर मालक लियाओ यांना द्यावी. तिचा उजवा ब्रेक लागत नाही. हे मी आधीच सांगतो आहे, नंतर नाही.

दोन. संख्याशास्त्राचं पुस्तक सल्लागार फान साहेबांना तैपेईच्या पत्त्यावर पाठवावं, चौथ्या प्रकरणात खूण घालून. कारण नमूद करतो. आमच्या जुन्या जाहिरातीत मालकांची मुलगी पेई-लान हिनं काढलेला फोटो होता: तिची आत्या, पीठ लागलेल्या हातांनी, लग्नाच्या केकच्या खोक्याला लाल दोरी बांधते आहे. ती जाहिरात २५ ऑगस्टपासून चार आठवडे चालली. मग २२ सप्टेंबरपासून फान साहेबांची आली: पांढऱ्या झग्यातली भाड्याची नवरी आणि खाली "आजच मागवा". तीही चार आठवडे. नवीच्या ऑर्डरी जुनीच्या तिप्पट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मालक," मी म्हणालो, "ते पहिले चार आठवडे म्हणजे पंचांगाचा सातवा महिना. भुतांचा. त्या महिन्यात लग्नाचा केक कोण मागवतं?"

"यात सातवा महिना कुठाय? इथं ऑगस्ट लिहिलंय."

"तुमच्या डोक्यावर पंचांग टांगलंय!"

"आवाज खाली. दोन सत्रं शिकलायस ना? मग तुझं निम्मंच खरं धरतो."

त्याच महिन्यात दुकानासमोर टेबल मांडून आम्ही भटक्या भुतांना जेवू घातलं होतं. फान साहेबांनी स्वतः उदबत्ती ओवाळली, आणि लॅपटॉपला बाधा होऊ नये म्हणून, इकडे यंत्रांवर ठेवतात तसं, त्यावर चिप्सचं पाकीट ठेवलं. भुतांना जेवायला वाढलं, हिशेबात मात्र धरलं नाही. हे बोलून दाखवताना मी ट्रे आपटला. ट्रे बेकरीचा होता, तो बेकरीकडेच राहावा.

तीन. याच कलमासाठी बाकीचं सगळं लिहिलं आहे. त्या आलेखानंतर पेई-लाननं कॅमेरा विकायला काढला. "आकडे आहेत ना समोर," ती म्हणाली. "माझ्या फोटोपाशी कोणी थांबत नाही, हुंग-यी. उगाच भांडू नकोस." म्हणून माझ्या शेवटच्या पगारातून दोन्ही जाहिराती एकाच वेळी चालवाव्यात. कोणत्या गिऱ्हाइकाला कुठली दिसेल हे नाणं उडवल्यासारखं ठरावं. चार आठवडे पुरे होईपर्यंत आकडे कोणी उघडू नयेत. फान साहेब तासातासाला उघडतात आणि रेघ वर दिसली की "बास, सिद्ध झालं" म्हणतात. तसं केलं तर कुठलीही जाहिरात कधी ना कधी जिंकते. तोवर कॅमेरा विकू नये. फोटो हरला तर हरला, मी एक शब्द बोलणार नाही. बोलेन, पण छावणीतून ऐकू येणार नाही. मात्र हरायचाच असेल तर त्यानं जाहिरातीपुढे हरावं, भुतांपुढे नाही.

हे लिहीत असताना सदर पेई-लान मैद्याच्या पोत्यावर बसून तुटलेले केक खाते आहे.

"मृत्युपत्र? अरे वेड्या, वर्षभर छावणीतला भात खायला चाललायस. आण, मी करते सही."

"लाभार्थ्याला साक्षीदार होता येत नाही."

"म्हणजे मला मिळणारेय काहीतरी? काय?"

"मधे बोलू नकोस. कायदेशीर कागद आहे."

चार. मी कॉलेज का सोडलं, याची नोंद असावी. पेई-लान केक पोचवायला तिथे आली होती आणि माझ्याकडे पाहून तीनदा हसली. तीन नमुन्यांवर एवढा मोठा निर्णय घेऊ नये, असं चौथ्या प्रकरणात आहे. मी तेव्हा तिसऱ्यावर होतो.

पाच. पेई-लान हिला लाल खोक्यातला मुगाच्या सारणाचा एक केक. आज पहाटे मी स्वतः भाजला आहे. ती दिवसभर खाते, दुकानात तिला उंदीर म्हणतात. आमच्याकडे मुलीनं एकच केक खायचा नसतो: स्वतःच्या लग्नाचा. हा कुणाच्या लग्नाचा, ते खोक्यावर लिहिलेलं नाही.

वरील मजकूर मी दोघा साक्षीदारांना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी हसत का होईना, ऐकला.

साक्षीदार:
खो आ-खुन, भट्टीवाले (सही, कागदाला तूप लागलं आहे, ते ग्राह्य धरावं)
ओउयांग शिया, शेजारच्या उदबत्तीच्या दुकानाच्या मालकीण (सही). सही करताना म्हणाल्या, "सातव्या महिन्यात माझा धंदा दहापट होतो रे. मग मीपण मोठी सल्लागार का?" हे शब्द त्यांच्या परवानगीनं जोडले आहेत.

त्साय हुंग-यी (सही)
ताइनान, २८ ऑक्टोबर २०२५. पंचांगाप्रमाणे नवव्या महिन्याचा आठवा दिवस. दोन्ही तारखा मुद्दाम लिहिल्या आहेत.

सह्यांनंतरची नोंद. खोकं पेई-लानच्या हातात दिलं. तिनं ते उघडलं, केककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग झाकण लावलं, लाल दोरीची गाठ पुन्हा मारली आणि खोकं फळीवर कॅमेऱ्याशेजारी ठेवलं. खाल्ला नाही. आ-खुन काका खोकले. हा एकच नमुना आहे. यावरून मी कोणताही निष्कर्ष काढत नाही. कागद काउंटरवर ठेवतो, बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.