लेखकाने बोलायचं नाही

२ जुलै २००६, रविवार
सापडली एकदाची मराठी माणसं! चेन्नईत आल्यापासून मराठीत कुणाशी धड भांडायलाही मिळालं नव्हतं. अंबत्तूरच्या कारखान्यात दिवसभर इंग्रजी, घरमालकांशी हातवारे, आणि संध्याकाळी फोनवर सोलापूरहून विद्युलता. बायकोशी फोनवर भांडण्यात मजा नाही, ती सरळ फोन ठेवते.

आज नुंगंबाक्कमला कमलिनीबाईंकडे चक्क मराठी लेखकांची बैठक होती. दर रविवारी सकाळी भरते म्हणे. बाई मूळच्या तंजावरच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांचं मराठी इतकं जुनं, आणि वर तमिळ हेल, की मला दोनदा विचारावं लागतं. रेल्वेतले जनकोजीराव प्रत्येक गोष्टीला तमिळमध्ये 'सरी, सरी', म्हणजे 'बरं, बरं', म्हणत मान डोलावतात. गरम इडल्या आणि डिकाशनची कॉफी पोटभर झाली.

बैठकीचा नियम गमतीचा आहे. पुरं झालेलं लेखन इथे चालत नाही, अडलेलंच आणायचं. ते दुसऱ्याने वाचून दाखवायचं आणि चर्चा संपेपर्यंत लेखकाने बोलायचं नाही. त्याच्याविषयी बोलायचं तेही तो समोर नसल्यासारखं, नुसतं 'लेखक' म्हणून. बाईंचं म्हणणं, लेखकाने तोंड उघडलं की तो समजावत बसतो, आणि पुस्तक काही घरोघर जाऊन स्वतःला समजावत नाही. मला पटलं.

खिडकीशी काहीजण बसले होते, त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्यातला सिद्धार्थ माझ्याच वयाचा, आयटीतला. नमस्कार केला तर नुसता बघत राहिला. इथल्या उकाड्यात माणसाचं असं होत असेल.

९ जुलै, रविवार
आज माझी कादंबरी! जनकोजीरावांनी फार छान वाचली. माझ्या नायकाची चादरीच्या कारखान्यातली नोकरी गेलीय आणि तो बायकोला ते सांगतच नाही. पाच प्रकरणं झाली, हा बाबा गप्पच. मी तिथेच अडलोय.

चर्चा मात्र रंगली. कुणी म्हणालं, त्याला बोलतं करा, वाचक कंटाळेल. बाई म्हणाल्या, मुळीच नको, तो गप्प आहे म्हणूनच आपण त्याच्याजवळ बसून आहोत. लेखकाला त्याच्या गप्प राहण्याची भीती वाटतेय आणि ती भीती पानावर येत नाही, असंही म्हणाल्या. नेमकं दुखतं तिथेच बोट! उत्तर द्यायला जीभ शिवशिवत होती, पण नियम म्हणजे नियम.

वेळ संपला. उरलेली चर्चा पुढच्या रविवारी. निघताना मी आभार मानले तर बाईंनी जनकोजीरावांना विचारलं, लेखकाने कॉफी घेतली का? मला हसूच आलं. नियम पाळावा तर असा.

११ जुलै, मंगळवार
काहीतरी बिनसलंय. कालपासून मी बोलतो, मला माझा आवाज स्वच्छ ऐकू येतो, समोरच्याला येत नाही. कारखान्यात शेजारच्या टेबलावरच्या महेशला हाक मारली, ढिम्म. मग तोच दुसऱ्याला म्हणाला, उपेंद्र आज फार गप्प आहे.

विद्युलता फोनवर हॅलो हॅलो करत राहिली. लाइन खराब आहे म्हणाली. मी तिचं नाव घेत होतो, अगदी ओरडून.

डॉक्टरांनी घसा तपासला. घशाला काही झालेलं नाही.

१६ जुलै, रविवार
बैठकीला गेलो ते भांडायलाच. चर्चा चालू असताना मध्येच उठून ओरडलो. जनकोजीरावांचं बोलणं एका शब्दानेही अडलं नाही. लेखकाने तिसरं प्रकरण आधी घ्यावं का, यावर ते बोलत होते.

मग खिडकीकडे बघितलं. सिद्धार्थचे ओठ हलत होते. जीव तोडून काहीतरी सांगत होता मला. अगदी जवळ जाऊन बसलो. काही ऐकू आलं नाही. त्यालाही माझं आलं नाही. आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

एका नव्या बाईंनी विचारलं, हे खिडकीपाशी कोण? कमलिनीबाई म्हणाल्या, ज्यांची चर्चा चालू आहे ते. सिद्धार्थची तर कित्येक वर्षं चालू आहे, चांगल्या लेखनावर बोलायला नेहमी काही उरतंच.



१८ जुलै, मंगळवार
मूर्खा, लिहून का नाही दाखवलंस? महेशला इंग्रजीत चिठ्ठी दिली. माझा आवाज कुणाला ऐकू जात नाही, मला घरी पोचव.

महेशने आयुष्यात गोष्टीचं पुस्तक उघडलेलं नाही. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, सुरुवात बरी आहे, पण भीती पोचत नाही.



२१ जुलै, शुक्रवार
कादंबरी पुरी केली! नायक बायकोला सगळं सांगतो. पुरं झालेलं तिथे चालत नाही, म्हणजे चर्चा संपेल. संपलीच पाहिजे.

२३ जुलै, रविवार
शेवट वाचला त्यांनी. बाई हळहळल्या. लेखक घाबरला आणि त्याने शेवट ओढूनताणून आणला, काम अजून चालूच आहे, म्हणाल्या.
जनकोजीराव म्हणाले, सरी, सरी.
माझी खुर्ची खिडकीशी नेली.

२७ जुलै, गुरुवार
विद्युलता आली. स्टेशनवर मला धरून रडली. मी किती बोललो तिच्याशी, सगळं, पहिल्यापासून. ती म्हणत राहिली, अहो, एक शब्द तरी बोला.

कागदावर लिहिलं, कमलिनीबाईंकडे जाऊ नकोस. तिने डोळे पुसले. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, वाक्य थेट आहे, पण का ते कळत नाही. लगेच पुन्हा रडायला लागली, काय बोलली ते तिलाच ठाऊक नसल्यासारखी.

दुपारी तिला बाईंचा फोन. किती प्रेमाने बोलल्या म्हणे. मनावर ओझं असेल तर लिहून काढ, जमेल तेवढं, आणि रविवारी घेऊन ये.

ती लिहायला बसलीय. माझ्यावर.

२९ जुलै, शनिवार
तिचे कागद फाडले. तिने पुन्हा लिहिले. दार अडवलं तर मलाच थोपटत राहिली, आजारी माणसाला थोपटावं तसं—
उद्या ती जाणार. मी घरी राहिलो तर एकटी जाईल. मला जायलाच हवं.

३० जुलै, रविवार
खिडकीशी बसून लिहितोय. कागद बाईंच्या हातात गेले. विद्युलता सांगतेय, शेवट काही सुचला नाही हो— बाई म्हणाल्या, तेच तर हवं.

नियम सांगतायत तिला. ती मान हलवतेय. अगं, हलवू नकोस— तिच्या कानाशी ओरडलो, खांदे धरले, तिने माझा हात नुसता कुरवाळला—

जनकोजीराव वाचायला लागले.

'माझा नवरा बोलत नाही.' चांगली सुरुवात, म्हणाले सगळे.

ती काहीतरी सांगायला उठली. कुणी वर बघितलं नाही. आता माझ्याकडे वळलीय. घाबरलीय. ओठ हलतायत, माझं नाव घेतेय बहुतेक, मला काही ऐकू—